वासराचं दूध

१

गाईंच्या कासेशी आयुष्य घालवलेल्या बाईला गाईचं फारसं कौतुक उरत नाही. डॉ. अख्तरी शेख यांनाही उरलं नव्हतं. ब्रह्मपुरीत भाड्याच्या दोन खोल्यांत त्यांची प्रयोगशाळा होती. कोणत्या गावची जनावरं कोणत्या जिवाणूंनी आजारी पडतात, गाई कशाने गाभडतात, कास कशाने सुजते, हे शोधायचं आणि वर कळवायचं, एवढंच त्यांचं काम. कळवलेलं वर कोण वाचतं, हे विचारायची उमेद त्यांनी पन्नाशीच्या आधीच सोडून दिली होती.

२००३ सालची दिवाळी नुकतीच उरकली होती आणि रमजान लागला होता. वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोलीच्या जंगलात आत शिरलेल्या एका लहानशा गोंड गावात त्या दुधाचे नमुने घ्यायला गेल्या. सोबत लोकेश होता. जीप चालवणं, बाटल्या धुणं आणि चहा करणं अशी तिन्ही खाती त्याच्याकडे. घरी त्याचं तान्हं बाळ. बायकोला, दुर्गाला, दूध पुरेसं येत नव्हतं. बाळ रात्रभर रडायचं आणि लोकेश दिवसभर डुलक्या द्यायचा.

"मॅडम, एक रात झोपलो ना, तर तुमी मले ओखळनारबी नाई," तो म्हणायचा.

त्या गावात गाईचं दूध कोणी काढत नसे. नांगराला बैल हवेत, शेताला शेण हवं, म्हणून गाई ठेवायच्या. दूध वासराचं. ढोरं राखणारा इसरू नावाचा म्हातारा गायकी होता, त्यानेच सगळी जनावरं एका पळसाच्या बनाजवळ गोळा करून ठेवली होती. पण कधी कासेला माणसाचा हात न लागलेल्या त्या गाई! पाय बांधले तरी लाथा. सकाळभर झटून अख्तरीबाईंना प्रत्येकीचे चार-चार थेंब मिळाले आणि एक सणसणीत लाथ मांडीवर.

मग ती राखेच्या रंगाची गाय दिसली. बाजूला, एकटी उभी होती. शेजारी एक इवलंसं वासरू. तिला दावं नव्हतं, कोणी धरलेलं नव्हतं. अख्तरीबाईंनी सड पुसले, तरी ती हलली नाही. दूध असं आलं की बाटली भरली, मग लोकेशने आपली स्टीलची डोलची खाली धरली, तीही भरत आली.

"ही कोणाची, इसरूभाऊ?"

इसरू दुसरीकडे बघत होता. "आमच्या गावची नोहे."

"मग?"

"येते ढोराईसंगं. सांजच्याले जाते."

असेल शेजारच्या गावची, असं म्हणून त्यांनी बाटलीवर खूण केली. मागे लोकेशने तीन दगडांवर पातेलं चढवलंही होतं. महिनोन् महिने जंगलगावांतून कोरा चहा पिऊन तो विटला होता.

"ते नोको," इसरू म्हणाला. "वासराचं हाय ते."

"वासराले ठेवलं ना बुढा दोन थनं! आपन का राक्षस आहो का?" लोकेश हसला आणि साखर टाकून मोकळा झाला.

अख्तरीबाईंचा रोजा होता. त्या चहा प्यायल्या नाहीत आणि लोकेशला दटावलंही नाही. दटावायलाही अंगात थोडा जोर लागतो, तो त्या दिवशी नव्हता. एक गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानात आली. उपाशी माणसाला चहाचा वास कोसभरावरून येतो. हे दूध उकळत होतं, रटरटत होतं, पण त्याला वास नव्हता आणि ते वरही येत नव्हतं.

२

प्रयोगशाळेचा दिवस ठरलेला. दुधाचा थेंब तारेच्या टोकावर घ्यायचा, मेंढीच्या रक्ताच्या लाल प्लेटवर फिरवायचा, प्लेटा उबदार पेटीत ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी काय उगवलं ते बघायचं. निरोगी गाईच्या दुधातूनही काहीबाही उगवतंच. सडाच्या कातडीवरचे, धुळीतले, दूध काढणाऱ्याच्या हातावरचे. अख्तरीबाई त्यांना घरातल्या पाहुण्यांसारखे ओळखत. आले का, बसा, म्हणत.

दुसऱ्या दिवशी सगळ्या प्लेटांवर पाहुणे होते. राखेच्या रंगाच्या गाईची प्लेट मात्र कोरी होती.

एखादी प्लेट कोरी निघते. तार जरा जास्त तापली असेल, म्हणून त्यांनी पुन्हा लावली. पुन्हा कोरी. त्या वर्षी भारनियमनाने सगळ्यांचाच जीव खाल्ला होता, म्हणून त्यांनी पेटीला दोष दिला. पण त्याच पेटीत, त्याच खणात बाकीच्या प्लेटा भरून वाहत होत्या. कोणी गाईला जिवाणू मारणारं इंजेक्शन टोचलं असेल का? त्या गावात मुलांना टोचायला कोणी जात नाही, तिथे गाईला कोण जाणार?

शेवटी त्यांनी प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं पाळलेले जिवाणू घेतले. कशावरही वाढणारे, हट्टी. ते त्या दुधात मिसळले आणि प्लेटवर फिरवले. काही उगवलं नाही.

ती बाटली त्या दिवशी फ्रिजमध्ये ठेवायची राहिली. मग रमजानची गडबड आणि घरची इफ्तारी, त्यात ती विसरलीच. आठवलं तेव्हा त्यांनी नाकाला पदर लावूनच बूच उघडलं. दूध नासलं नव्हतं. फाटलं नव्हतं, त्यावर साय धरली नव्हती. खोलीत हिवाळ्याचा गारवा होता आणि बाटली हाताला कोमट लागत होती, आत्ताच काढल्यासारखी.

अख्तरीबाईंना रोगाचं भय कधीच वाटलं नव्हतं. रोग म्हणजे तरी काय, दुसऱ्या कोणाचं तरी जगणं. घटसर्प, फऱ्या, कासेचे सगळे आजार, त्यांनी सगळं हाताळलं होतं. या बाटलीत कोणीच नव्हतं. त्यांनी बूच घट्ट लावलं, बाटली कपाटात मागे सारली आणि साबणाने दोनदा हात धुतले. मग आपल्यालाच हसल्या. ज्यात काहीच नाही त्यापासून हात धुतात का कोणी?

३

लोकेशचं रूप मात्र उजळलं होतं. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली, डुलक्या थांबल्या. तो शीळ घालत बाटल्या धुवायचा.

"झोप मिळते वाटतं आता?" अख्तरीबाईंनी विचारलं.

"झोपतच नाई मॅडम! लागतच नाई मले."

तो डबा आणेनासा झाला होता. भूकही लागत नाही म्हणे. जवळ आलं की पूर्वी त्याच्या अंगाला घामाचा, डिझेलचा, तंबाखूच्या खर्‍याचा वास यायचा. आता कसलाच येत नव्हता.

एकदा फुटलेली प्लेट उचलताना त्याचा तळहात चांगलाच कापला. रक्ताचा थेंब आला नाही. त्यांनी पट्टी बांधून दिली. काही दिवसांनी पट्टी सोडली तर जखम होती तशी. खपली नाही, पू नाही, सूज नाही. तळहातावर एक स्वच्छ फट उघडी पडून राहिलेली.

"दुखतं?"

"काईच नाई."

त्यांनी कापसाच्या काडीने जखम पुसली आणि प्लेटवर फिरवली. मग "आ कर" म्हणून त्याच्या घशातही काडी घातली. माणसाच्या घशात तर बाराही महिने बाजार भरलेला असतो. चांगले, वाईट, टवाळ, सगळे तिथे नांदत असतात. दुसऱ्या दिवशी दोन्ही प्लेटा कोऱ्या.

त्यांनी दोन्ही प्लेटा पुन्हा झाकल्या. मग त्याला समोर बसवलं.

"त्या गावात परत गेला होतास?"

लोकेश लाजल्यासारखं हसला. "जातो ना. मोटारसायकलनं. उभी असते ते, वाटच पाहत असल्यावानी."

"एवढ्या लांब? रोज?"

"थकवाच नाई येत मॅडम. तुमीबी प्याले पाह्यजे. तुमी किती थकल्या, दिसते ना."

अख्तरीबाईंना त्या क्षणी त्याचा हेवा वाटला, अगदी खरा हेवा. गुडघे दुखत होते, पहाटे सहेरीला उठून डोळे चुरचुरत होते, आणि सगळं संपवून एकदा नुसतं हलकं व्हावं असं त्यांना कित्येक वर्षं वाटत होतं. त्या विचारानेच त्या घाबरल्या.

"तू आता तिकडे जायचं नाही. बाळाची शपथ घे."

लोकेशने आधी टोलवाटोलवी केली. पण मॅडम रडकुंडीला आल्यात हे बघून त्याने शपथ घेतली.

४

शपथ त्याने पाळली, एवढं खरं. काही दिवसांत त्याला जांभया येऊ लागल्या. अख्तरीबाईंना बरं वाटलं. मग एका दुपारी बाटल्या धुताना तो "मॅडम" असं म्हणाला, आणि तो आवाज ऐकूनच त्या धावल्या.

हात मनगटापर्यंत फुगला होता. त्या बघत असताना कोपरापर्यंत गेला. त्या स्वच्छ फटीतून पिवळं, मग हिरवं, मग काळं असं काही येऊ लागलं. खोलीत सडक्या मांसाचा वास भरला. एवढ्या दिवसांत जखमेने जे जे करायचं राखून ठेवलं होतं, ते ती त्या एका दुपारी करत होती.

हाडात भिनलेली सवय. पट्टी शोधायच्या आधी त्यांनी काडी फिरवून प्लेट लावली. मग रिक्षा बोलवायला रस्त्यावर पळाल्या. रिक्षा घेऊन आल्या तर लोकेश नव्हता, मोटारसायकलही नव्हती. समोरच्या पानठेल्यावाल्याने सांगितलं, एका हाताने गाडी चालवत आरमोरीच्या, म्हणजे नदीपलीकडच्या, रस्त्याला गेला.

सकाळी त्यांनी पेटी उघडली. प्लेट काठापासून काठापर्यंत भरली होती, एकावर एक चढून, झाकणाला टेकून. बघून पहिल्यांदा त्यांना आनंद झाला, हे कबूल केलं पाहिजे. उगवलं तरी! मग त्यांना उमगलं की हे एका रात्रीचं नव्हे. थांबलेले सगळे दिवस एकदम आले होते. आणि लोकेशने तर अजून थोडेच दिवस दूध घेतलं होतं. असंच महिनाभर, वर्षभर घेतलं असतं तर?

त्याला परत आणायचं आणि थेट नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं. दुर्गाला तोंड दाखवायचं तर एवढं करायलाच हवं होतं.

५

जीप चालवायला माणूस नव्हता. त्या आरमोरीपर्यंत बसने, पुढे काळीपिवळी जीपमध्ये दाटीवाटीने आणि मग जंगलातून पायी गेल्या. दुपार झाली होती. इसरू खळ्यावर धानाच्या पेंढ्यांजवळ बसला होता. त्याला काही सांगावं लागलं नाही.

"ढोराईत हाय," तो म्हणाला आणि उठून पुढे चालू लागला.

पळसाच्या बनाच्या अलीकडेच तो थांबला.

"तुम्ही येत नाही?"

"नाई. वासरू पाह्यलं का तुमी, मॅडम?"

"पाहिलं. लहान आहे अजून."

"मी पोरगा होतो, बापासंगं ढोरं राखत होतो. तवाबी ते एवढंच होतं."

म्हातारा माणूस, एका वासरात दुसरं वासरू मिसळत असेल. अख्तरीबाईंनी मनाशी असं म्हटलं आणि पुढे गेल्या.

ढोरं सावलीत बसून रवंथ करत होती. त्यांच्या पलीकडे ती राखेच्या रंगाची गाय आडवी उभी होती. अलीकडून दिसत होतं तिचं पोट आणि पोटाखालून पलीकडची जमीन. वासरू बाजूला नुसतं उभं होतं. त्याला प्यायला जागा मिळाली नव्हती.

पोटाखालून गुडघे दिसत होते. मातीत टेकलेले, माणसांचे. लोकेशची निळी पँट त्यांनी लगेच ओळखली. पण गुडघे दोनच नव्हते. एका बाईचं नेसूचं लुगडं होतं, वर खोचलेलं. एका पोटरीला खाकी कापडाच्या पट्ट्या गुंडाळलेल्या होत्या. जंगलखात्यात असलेल्या आपल्या आजोबांच्या जुन्या फोटोत त्यांनी अशा पट्ट्या पाहिल्या होत्या, नंतर कुठेच नाही. कोणी हलत नव्हतं. चुटूचुटू असा एकच आवाज येत होता, एका तालात.

गाईने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

अख्तरीबाई एका सागाच्या मागे सरकल्या आणि डोळे मिटले. रोजा आहे, ऊन आहे, एवढं चालणं झालं, रक्तातली साखर उतरते, माणसाला काय वाट्टेल ते दिसतं. असं त्या स्वतःला समजावत राहिल्या.

"मॅडम? उन्हाच्या काऊन आल्या तुमी?"

लोकेश समोर उभा होता, बाहीने हनुवटी पुसत. हात धडधाकट. तळहातावर तीच स्वच्छ फट. मागे सावलीत फक्त ढोरं बसली होती.

"घरी चल," त्या म्हणाल्या.

"चला ना. मी निंगूनच राह्यलो होतो."

त्या त्याच्या मागे मोटारसायकलवर बसल्या. का बसल्या, तर दुसरी गाडी नव्हती. दुसरं कारण असं की तो इतका पूर्वीसारखा बोलत होता! रस्ताभर त्यांनी त्याच्या खांद्याला धरलं होतं. धान भरलेल्या पोत्याला धरावं तसा तो खांदा निर्जीव लागत होता. हँडलला झाकण लावलेली डोलची हिंदकळत होती. स्वतःसाठी नेत असेल, त्यांना वाटलं. घरी पोचल्यावर ओतून टाकू.

६

दुर्गाने दार उघडलं ती हसतच. घर शांत होतं. बाळ तिच्या कडेवर होतं आणि टकामका बघत होतं. अख्तरीबाईंनी हे बाळ आजवर रडतानाच पाहिलं होतं.

"या ना मॅडम, बसा."

नवऱ्याच्या हातून डोलची घेऊन तिने सवयीने वाटीत दूध ओतलं आणि मांडी घालून चमचा उचलला.

"दुर्गा, थांब! ते देऊ नकोस त्याला."

दुर्गाला काही कळलं नाही. "काऊन मॅडम? त्या चहाच्या दिवसापासूनच तर देऊन राह्यली. हे घेऊन आले होते ना डोलचीत उरलेलं. मंधात जात नव्हते, तवा साठवलेलं पुरवलं, नासतच नाई ते. पाहा ना, तवापासून रडलाच नाई."

चमचा बाळाच्या ओठांना लागला. चुटूचुटू आवाज आला. अख्तरीबाईंच्या डोळ्यांपुढे लोकेशचा हात उभा राहिला, कोपरापर्यंत काळा होत गेलेला. त्या भिंतीला टेकून बसल्या आणि बाळाने वाटी संपवली.

त्यानंतर लोकेश कामावर आला नाही. त्याच्या जागी दुसरा माणूस मागायचा अर्ज अख्तरीबाईंनी केला नाही. कपाटातली ती बाटली त्यांनी गावाबाहेर खड्डा खणून पुरली. नागपूरला एका ओळखीच्या डॉक्टरला फोन लावला, आणि त्याने "बोला" म्हटल्यावर ठेवून दिला. दुर्गाकडे जायचं त्या रोज उद्यावर ढकलत राहिल्या. त्या थकल्या होत्या आणि भ्यायल्याही होत्या. त्यातलं जास्त काय होतं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

होळी झाली, ऊन तापायला लागलं. एका सकाळी दुर्गा स्वतःच प्रयोगशाळेत आली. कडेवर बाळ होतं. दुर्गा वाळून काटकी झाली होती.

"मॅडम, यालेबी तपासा ना तुमी. याच्या बराबरीची पोरं बसून राह्यली, रांगून राह्यली. हा मानबी धरत नाई. तेच झबलं बसते अजून याले."

अख्तरीबाईंनी बाळाला टेबलावर घेतलं. तेवढंच वजन, तेवढेच हात. नखंही वाढलेली नव्हती. टाळूवरचा मऊ भाग होता तसा. अंगाला दुधाचा, तेलाचा, कसलाच वास नव्हता. बाळ प्रसन्न होतं.

"लोकेश कुठे आहे?"

"मायनाभर घरी नाई आले." दुर्गा खाली बघत म्हणाली. "पन डोलची दाराशी असते, रोज सकारी. कोन ठेवते, मी पाह्यलं नाई."

बाहेर बर्फगोळ्याची गाडी गेली.

"मले ते दूध बराबर वाटत नाई, मॅडम. डबा आनला मी पावडरचा. आजपासून बंद करू का? तुमी म्हनाल तसं करतो."

अख्तरीबाईंनी बाळाचा तळवा आपल्या बोटावर घेतला. लोकेशच्या जखमेचे थोडेसेच दिवस साठले होते, आणि ती नुसती जखम होती. इथे अख्खा हिवाळा साठला होता, एका एवढ्याशा अंगात. तो सगळा एका दुपारी आला तर वाढ म्हणून येईल, की दुसरं काही म्हणून, हे त्यांना ठाऊक नव्हतं. तीस वर्षांच्या अभ्यासात त्यांना एवढी एकच गोष्ट अशी भेटली होती जी प्लेटवर लावून बघण्याची त्यांची छाती नव्हती.

"नको," त्या म्हणाल्या. "पाजत राहा."

"खरंच, मॅडम?"

"एक दिवसही चुकवू नकोस."

दुर्गाचा जीव भांड्यात पडला. मॅडम एवढ्या शिकलेल्या, त्यांनी सांगितलं म्हणजे काळजी नव्हती. तिने बाळाला पुन्हा कडेवर घेतलं आणि पावडरचा डबा दुकानदार परत घेतो का ते बघायला निघून गेली.